आईच्या पाटावरून टीव्ही

आमच्या आबांनी आयुष्यात एकच टीव्ही स्वतः पारखून घेतला आणि तोही बैल पारखावा तसा. त्यातूनच पुढचा सगळा घोटाळा झाला. पण त्या घोटाळ्यात मीही होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बया बापाच्या नावानं खडे फोडायला बसलीय.

गाव बोरी बुद्रुक. सपाट टीव्ही आमच्याकडच्या दुकानांत नुकते दिसायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. घरात आम्ही चौघं होतो. आबा, आई, शेती बघणारा धाकटा भाऊ आणि मी. मी मंचरच्या एका शाळेत शिकवायचे, रोज एसटीनं जाऊन-येऊन. जुना टीव्ही रंगीत होता, नव्वदच्या दशकात कधीतरी आणलेला, पोट सुटलेल्या काचेचा. शेवटी शेवटी त्यातली माणसं हिरवी दिसायला लागली. आळेफाट्याहून मेकॅनिक आला, त्यानं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "पिक्चर ट्यूब उतरलीय राव. आता ह्याच्यावर खर्च नका करू."

मला खरं तर आनंदच झाला. माझ्या पगारातला पहिला मोठा जिन्नस म्हणून टीव्ही घ्यायचा, आणि तो आईसाठी घ्यायचा, असं माझ्या मनात होतं. कारण दिवसभरात आईचा स्वतःचा म्हणावा असा अर्धाच तास होता, संध्याकाळी सात वाजता लागणाऱ्या मालिकेचा. त्या वेळी तिला कुणी चहा मागितला तर ती द्यायची, पण भांडं जरा जोरात आदळायची.

आता आई तो टीव्ही कुठून बघायची, ते सांगायला हवं. टीव्ही पुढच्या खोलीत होता आणि त्याच्या बरोबर समोर लोखंडी खाट. स्वयंपाकघराचं दार बाजूच्या भिंतीत, टीव्हीच्या अगदी कडेला. आई त्या दाराच्या आत पाट टाकून बसायची. ती लग्न होऊन आली तेव्हा खाटेवर आजोबा असायचे. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, म्हणून ती आत बसली. पुढं आजोबा गेले, खाटेवर आबा आले, पण आईचा पाट काही हलला नाही. तिथं बसून ती लसूण सोलायची, शेंगा निवडायची आणि मान वाकडी करून टीव्ही बघायची. जुन्या टीव्हीला कडेनं बघितलं तरी चित्र जरा अरुंद दिसायचं, एवढंच. मालिकेतल्या बायकांची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत, ती त्यांना साड्यांवरून ओळखायची. "त्या मोरपंखीवालीचा काय भरवसा न्हाई बघ," असं म्हणायची आणि तिचं खरंही निघायचं.

तर आबा, भाऊ आणि मी नारायणगावला दुकानात गेलो. आईला 'चल' म्हणायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिलाही नाही.

दुकानदारानं एका ओळीत तीन टीव्ही चालू केले. पहिला ट्यूबचाच, फक्त काच सपाट. त्याचं वजन एवढं, की दोघांनी उचलला तरी कमरेत उसण भरावी. दुसरा प्लाझ्मा. दुकानदार म्हणाला, "ह्याच्यातला एकेक ठिपका स्वतः पेटतो." चित्र झकास होतं, पण आबांनी मागून हात फिरवला आणि झटकन काढून घेतला. "आरं, ह्याला ताप आलाय का काय?" आमच्याकडं भारनियमन रोजचंच, घर इन्व्हर्टरवर चालायचं, त्याला हा वीज पिणारा पाहुणा परवडला नसता. तिसरा एलसीडी. आबा त्याच्या मागं गेले, पुढं आले, पुन्हा मागं गेले.

"ह्याला पाठ हाय का न्हाई?"

"तीच तर मजा हाय आबा," दुकानदार म्हणाला. "मागं एक दिवा, पुढं बारीक बारीक झडपा. झडप उघडली की उजेड, मिटली की अंधार. वीज कमी, वजन कमी, भिंतीला टांगा."

दुकानदार सरळ माणूस होता. काळा रंग अजूनही ट्यूबच्या टीव्हीतच खरा दिसतो, हेही त्यानं सांगितलं. पण भावाला डबा नकोच होता. "जुनाटच घ्यायचा तर हाय तोच काय वाईट हाय?" मी पेपरात वाचलेलं सगळं तिथं पाजळलं. रिझोल्यूशन किती, कॉन्ट्रास्ट किती, असं विचारत होते. कळत त्यातलं निम्मंच होतं, पण मास्तरीणबाई म्हटल्यावर विचारायला नको? आबांची तऱ्हा न्यारीच. घरून निघताना ते खाटेपासून टीव्हीपर्यंत पावलं मोजून आले होते. सात भरली होती. दुकानातही त्यांनी एलसीडीपासून सात पावलं मोजली, तिथं एक स्टूल मांडलं, वर बसले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. मग भावाला बसवलं, मग मला. तिघांनाही एकदम फक्कड दिसलं.

पैसे देण्याआधी दुकानदारानं विचारलं, "घरात बसता कुठं तुमी सगळी?"

"समोर," आबा म्हणाले. "टीव्ही म्हणल्यावर समोरच बसनार न्हवं मानूस!"

मी मान डोलावली. अजूनही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

टीव्ही घरी आला, भिंतीला लागला. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं, ओवाळलं, "लई छान हाय गं" म्हणाली आणि आत जाऊन पाटावर बसली. आळीतली माणसं बघायला आली, पेढे खाऊन गेली. आबा खाटेवर मांडी घालून आल्या-गेल्याला मागचा दिवा आणि पुढच्या झडपा समजावून सांगत होते. चार दिवसांत निम्म्या आळीला एलसीडी तोंडपाठ झाला.

पण आई बदलली. मालिका चालू असताना आतून विचारायची, "आता कोन बोललं गं?" पाच मिनिटांनी पुन्हा, "ही थोरली का धाकटी?" मी वह्या तपासत असायचे. एकदा वैतागून म्हणाले, "अगं आई, डोळे कुठं आहेत तुझे?" ती नुसती हसली. आणि मला वाटलं, खरंच, हिचे डोळेच अधू झालेत. पुढच्या शनिवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी अक्षरं वाचून घेतली, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "बाईंची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे." येताना आई एसटीत खिडकीबाहेर बघत लांबच्या पाट्या मला वाचून दाखवत होती. मी खूश झाले, पण कोडं काही सुटलं नाही.

दोन दिवसांनी वाटाण्याच्या शेंगा सोलायला म्हणून मी आत तिच्या शेजारी फतकल मारून बसले. मालिका लागली. मी मान वळवून टीव्हीकडं बघितलं आणि हातातली शेंग हातातच राहिली. माणसांच्या चेहऱ्यांवर कुणी शाई ओतल्यासारखं झालं होतं. डोळ्यांच्या जागी पांढुरके डाग. साड्या सगळ्या काळ्या, मोरपंखी नाही न् अबोली नाही.

"आई! तुला रोज असं दिसतंय?"

"मला वाटलं, नव्या टीव्हीत आसंच दिसत आसंल," ती शेंगा सोलता सोलता म्हणाली. "तू एवढ्या हौसेनं आनलास. कशाला बोलायचं? आवाज येतो की चांगला."

मला असं भरून आलं, आणि मला भरून आलं की आधी राग येतो. तशीच उठले आणि आबांसमोर जाऊन उभी राहिले. "पावलं मोजलीत ना? खाटेपासून मोजलीत! आईच्या पाटापासून कुणी मोजली?"

आबा गडबडले. मग म्हणाले, "तू बी व्हतीस की संगं."

होते ना मी. टीव्ही आईसाठी घेतला आणि स्टूल मात्र आबांच्या जागेवर मांडू दिलं.

"समोर येऊन बस म्हन तिला," आबा म्हणाले. "मी काय नको म्हनलोय व्हय?" आई आली. खाटेच्या कोपऱ्यावर टेकली, पदर सावरला, दोन मिनिटं बसली आणि "दूध उतू जाईल" म्हणून उठून गेली. चुलीवर दूध नव्हतंच. आत पाटावर बसल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, ते मला बाहेरूनही कळलं. इतक्या वर्षांची सवय माझ्या एका आरड्यानं मोडणार थोडीच होती?

भावानं दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एलसीडीला कडेनं आसंच दिसतं, म्हनून तर इचारलं व्हतं कुठं बसता म्हनून." पण बिचाऱ्यानं तोडही सांगितली. भिंतीवर फिरता स्टँड बसवा, टीव्ही हवा तिकडं वळवा. भावानं स्टँड आणला, बसवला, आणि घरात नवाच कायदा झाला. सात वाजले की टीव्हीचं तोंड स्वयंपाकघराकडं, मालिका संपली की पुन्हा खाटेकडं.

आता त्या अर्ध्या तासात खाटेवरून शाई ओतलेली माणसं दिसायला लागली. पहिल्या दिवशी आबांनी कुरकुर केली, "मी काय भिंतीकडं बघत बसू व्हय?" दुसऱ्या दिवशी फुरंगटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी आणि भावानं एकमेकांकडं बघून हसू दाबलं. आई मात्र पाटावर मजेत होती. सगळे रंग परत मिळाले होते तिला, आणि मानही वाकडी करावी लागत नव्हती. निवडायला घेतलेली भाजी मांडीवर तशीच पडून राहायची.

तिसऱ्या दिवशी आबा ओट्यावरून आत आले. पाणी प्यायला आलोय, असं दाखवत स्वयंपाकघराच्या दारात थांबले. हातात तांब्या तसाच. पडद्यावर दोघी बायका तावातावानं भांडत होत्या.

"ही मोरपंखी कोन?" आबांनी विचारलं.

"थोरली," आई म्हणाली. "लई आतल्या गाठीची हाय."

"आन् ही रडती ती?"

"ती साधी हाय बिचारी. बघा आता, हिच्यावरच आळ घेतील."

तसंच झालं. आबा तांब्या खाली ठेवून दारातच उकिडवे बसले, बरोबर आईच्या पुढ्यात. आई आधी डावीकडून डोकावली, मग उजवीकडून. आबांचं डोकं काही हटेना. मी बाहेरच्या खोलीत वह्या घेऊन बसले होते, पण माझा पेन थांबला होता. आमच्या घरात पाटावरून खाटेला आजवर कुणी एक काम सांगितलं नव्हतं.

"अवो," आई म्हणाली, "जरा सरका की तिकडं. मला दिसत न्हाई."

आबा मुकाट्यानं हातभर सरकले, चौकटीला चिकटले. मग मान मागं वळवून त्यांनी विचारलं, "आता दिसतंय का?"