सलोख्याचं मानपत्र

आमच्या गावात शांतता समितीची बैठक भरली की सूत्रसंचालन माझ्याकडे असे. मी शाळेत मराठी शिकवत होतो, आवाज बरा होता, आणि नाही म्हणायची सवय नव्हती. मंचावर देवस्थानचे अध्यक्ष आणि मशिदीचे मौलाना मिठी मारत. फोटो हुकला की पुन्हा मारत. दुसऱ्या वेळी अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणीही जास्त येई.

त्या वर्षी शिमगा रमजानमध्ये आला. पालखी फिरत फिरत मशिदीपुढे पोचली आणि नेमकी रोजा सोडायची वेळ झाली. ढोल थांबेनात, आतून पोरं बाहेर आली. "दरवर्षी वाजतो, आज का थांबवायचा?" असं कोणीतरी ओरडलं. मी घाबरून मौलानांना फोन लावला. बंद. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मी मुंबईत आहे, तुम्हीच सांभाळा." त्यांच्या फोनमधून आमचाच ढोल मला ऐकू येत होता. मान वळवली तर समोरच्या माडीवरचा पडदा हलला.

तेवढ्यात मशिदीत बांग देणारे म्हातारे चाचा खजुरांचं ताट घेऊन पायरी उतरले. पालखीसोबतच्या गुरवाला म्हणाले, "धा मिनटा थांबशील काय रे? बांग देतो, रोजा सुटू दे."

गुरवाने हात वर केला. ढोल थांबले. "मग बाकडा तरी द्या, चाचा. देवाला जमिनीवर कसा ठेवू?"

ज्या पोरांनी बाह्या सरसावल्या होत्या त्यांनीच मशिदीच्या पडवीतलं बाकडं उचलून आणलं. गुरवाने आपला शेला त्यावर अंथरला, पालखी टेकवली. बांग झाली. ढोलवाल्यांनीही खजूर खाल्ले. मग पालखी वाजतगाजत पुढे गेली.

पंधरा दिवसांनी सत्कार झाला. अध्यक्षांचा आणि मौलानांचा. "आणीबाणीच्या क्षणी दाखवलेल्या धीरोदात्त नेतृत्वाबद्दल." मौलाना बोलताना म्हणाले, "त्या संध्याकाळी आम्ही दोघं सतत संपर्कात होतो." अध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली. माणसं इतकी निर्लज्ज असू शकतात याचं मला नवल वाटलं नाही. मला किळस आली.

गुरव मागच्या रांगेत खुर्च्या लावत होता. चाचांना बोलवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

मानपत्र मीच लिहिलं होतं. 'धीरोदात्त' हा शब्दही माझाच. तो मी खणखणीत वाचला, कुठेही न अडखळता, आणि टाळ्या पडेपर्यंत थांबलो.