सामानात एक डॉक्टर

किस्से धुतलेल्या कपड्यांसारखे असतात. घडी घालायला कुणी बसत नाही आणि खुर्चीवरचा ढीग वाढतच जातो. न्यूझीलंडहून परत आल्यापासून जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर चार मराठी माणसं जमली, की समीर, म्हणजे माझा नवरा, त्या ढिगातून एकेक ओढून काढतो. हसं बहुतेक वेळा माझंच होतं. म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगावेत.

आधी थोडं गंभीर. गेल्या उन्हाळ्यात आमच्या चार वर्षांच्या इराला तापात आकडी आली. आमची कार गोपालपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. बाहेरून कुणी सांगतंय कांदा हुंगवा, कुणी सांगतंय चप्पल. मी नुसती ओरडत होते. आकडी आपोआप थांबली. अशी आकडी सहसा मागे काही ठेवून जात नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं, पुन्हा आली तर काय करायचं तेही. समजलंही. पण तेव्हापासून इरा गाडीत झोपली, की माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

आणि न्यूझीलंडची ट्रिप तर आधीच बुक झालेली! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाडीनं. "मी येत नाही," असं म्हणून बघितलं. मग मालवीय नगरच्या विद्याताई आठवल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, नुकत्याच रिटायर झालेल्या. "चला ना, तुम्हालाही चेंज होईल," मी गळ घातली.

"चेंज कुणाला हवाय ते कळलं हो मला," त्या म्हणाल्या. "येते. फक्त डिकीत ठेवू नका!"

*

तिकडे उतरल्यावर एअरपोर्टवर औषधं दाखवावी लागली. माझी बॅग उघडली. सिरपच्या बाटल्या, पट्ट्या, थर्मामीटर, पहिला बिघडला तर दुसरा, दुसरा हरवला तर तिसरा. ऑफिसरनं अदबीनं विचारलं, "आपण डॉक्टर का?"

मागून विद्याताई म्हणाल्या, "डॉक्टर मी. बॅग तिची."

त्यांच्या पर्समध्ये चष्मा आणि कंगवा होता.

*

तिकडे नद्यांवर बरेच पूल एकाच गाडीपुरते. आधी कुणी जायचं ते पाटीवर लिहिलेलं असतं. एका पुलाशी आम्ही थांबलो, समोरचा ट्रकही थांबला. समीरनं जयपूरच्या सवयीनं हॉर्न दिला, मतलब, 'या भैया, तुम्ही या!'

तो म्हातारा ड्रायव्हर ट्रकमधून उतरला आणि पूल ओलांडून चालत आमच्यापर्यंत आला. तिकडे उगाच कुणी हॉर्न देत नाही. त्याला वाटलं, आम्ही संकटात आहोत. त्यानं खिडकीतून माझ्या हातातला थर्मामीटर पाहिला. "मुलगी आजारी आहे का?"

"अजून नाही," विद्याताईंनी सांगितलं.

*

इरा मागच्या सीटवर पेंगायला लागली, की मी तिला हलवायचे. मेंढ्या दाखवायचे, डोंगर दाखवायचे. एकदा तिनं डोळे न उघडताच सुनावलं, "आई, मतलब, मी झोपलेय ना!"

समीर हसला नाही. त्यानं गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मुग्धा, तिला झोपू दे गं."

मी हात मांडीखाली दाबून बसले.

*

एकदा संध्याकाळी मोटेलच्या किचनमध्ये मी विद्याताईंना विचारलं, "ही भीती जाते कधी?"

त्या खिचडी ढवळत होत्या. "माझा मुलगा तिशी ओलांडून गेलाय. दुपारपासून त्याचा फोन लागत नाहीये." मग पातेल्यात वाकून म्हणाल्या, "खालून लागली बघ. वरवरची वाढून घे."

*

शेवटून दुसऱ्या मुक्कामी, मेंढ्यांच्या एका फार्मवर, इराला खरंच ताप आला. विद्याताईंनी तपासलं. साधी सर्दी होती. औषध दिलं. दुपारी ती झोपली. समीर पेट्रोल भरायला गेला आणि विद्याताई जरा पाय मोकळे करायला मागच्या कुरणात.

आणि इराचे हातपाय ताठ झाले.

मी तिला कुशीवर वळवलं. उशी काढली, गळ्याचं बटण सोडलं. तोंडात काही घातलं नाही. खिडकीतून ओरडून विद्याताईंना हाक मारली आणि परत तिच्याजवळ बसले. घड्याळावर नजर ठेवली. "इरा, आई इथेच आहे," म्हणत राहिले. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका शांत. हळूहळू तिचं अंग सैल पडलं. मोठा श्वास आला आणि मग ती रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

मान वळवली तर दारात विद्याताई. धापा टाकत, चौकट घट्ट धरून.

"कधी आलात?"

"मघाशीच."

"मग आत का नाही आलात?"

"माझे हात थरथरत होते गं," त्या म्हणाल्या. "तुझे नव्हते."