भट्टी, भावजी आणि माझा दिमाखदार बोर्ड

आंबोली घाटात माझ्या बॅगेतल्या विद्येच्या वजनाने बस एका अंगाला कलली. कंडक्टरने मला मधल्या सीटवर हलवलं, तेव्हा कुठे ती सरळ झाली. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा, सापडला तर.

पेडणे दोन कोसांवर असतानाच काजूच्या बोंडांचा वास बसमध्ये चढला आणि तिकीट न काढता माझ्या शेजारी बसला. मी चाललो होतो मावसबहिणीच्या घरी. भावजींची काजूची भट्टी आहे. उर्राक (बोंडांच्या रसाची पहिल्या वाफेची दारू) गाळताना वाफेची नळी टाकीतल्या थंड पाण्यातून जाते. पाणी तापलं की वाफ हवेत आणि दिवस वाया. म्हणून भावजी दर दहा मिनिटांनी टाकीत हात घालतात आणि पाणी कोमट लागलं की पंप लावतात. हंगामात हा माणूस अंगणाबाहेर पडत नाही. यंदा मात्र डिचोलीला त्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, आणि त्यांना काहीही करून जायचं होतं. मी फोनवर छाती ठोकली होती, "पाण्यात हात घालायला मी यंत्र आणतो!"

बहिणीने पोई (कोंड्याचा पाव) आणि पातळभाजी वाढली. सातव्या पोईनंतर मी बोर्ड काढला. ताटाएवढा, दिव्यांनी लखलखणारा.

"ह्या चिपमध्ये तयार प्रोसेसर नाही. मोकळा प्लॉट आहे! आराखडा टाकायचा, की हवा तसा प्रोसेसर आत उभा."

"पावण्यानू," भावजी म्हणाले, "माका चंद्रार जावचा नाय. दिवचले (डिचोलीला) जावचा आसा."

बारशाच्या सकाळी यंत्र झकास चाललं. मग वीज पापणी लवावी तशी गेली, आली, आणि माझा प्रोसेसर नाहीसा! आराखडा जपणारी मेमरीच नसलेला बोर्ड मी ऐटीत निवडला होता. लॅपटॉपवरून पुन्हा चढवला. पुन्हा वीज गेली. दहा वाजेपर्यंत त्या प्लॉटवर माझी अख्खी हाउसिंग सोसायटी बांधून झाली.

"करंट गेलो की घर मोडता?" भावजींनी विचारलं. "मगे ह्यो बिल्डर खंयचो?"

बॅगेच्या तळाशी एक आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर (तयार प्रोसेसर आणि मेमरी असलेली चिप) पडला होता. किंमत बशीभर भाजीपावाएवढी. बारा ओळींचा प्रोग्राम त्याने पोटात ठेवून घेतला: पाणी तापलं, पंप लाव. वीज गेली, आली. छताच्या पंख्याचा एक फेरा पुरा व्हायच्या आत हा कामावर हजर. भावजींनी तरी हात घातलाच. पाणी गार. ते शर्ट बदलायला गेले.

कोलवाळच्या पुलावरून पहिला फोन. "पाणी कसा आसा?"

"गार."

"हात घातलंस मरे?"

"घातला!"

पुढे असे चौदा फोन. दुपारभर यंत्र पाण्यावर लक्ष ठेवत होतं, मी यंत्रावर, आणि भावजी माझ्यावर. मग फोन एकाएकी बंद झाले. तिन्हीसांजेला ते परतले, आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाले, "पोरग्याक मांडयेर घेतलंय, आनी भट्टी इसारलंय."

परतीच्या दिवशी ते मला स्टँडवर पोचवायला आले. हंगामात! ओळखीचे लोक थांबून कोण वारलं म्हणून विचारत होते. सावंतवाडीची बस लागली. "बस रे, दुसरी गावतली," म्हणत त्यांनी चहा सांगितला. तीन बस गेल्या. स्वस्तातल्या चिपने एका माणसाला एवढा वेळ मोकळा करून दिला, आणि तो कुठे घालवायचा हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. चौथी बसही मी सोडली.