बैलाच्या आधीचा घास

बाबांची साखर शंभरच्या वर गेली की माझं डोकं फिरायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण सकाळी उठले की मी आधी त्यांचं बोट टोचणार, मग चहा ठेवणार, तोही फिका. साखर अन् गूळ कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. आई म्हणायची, "तू पोरगी होय का जेलर?" मी कुणाचं ऐकते थोडीच.

पोळ्याच्या दिवशी सकाळी साखर उतरवायची गोळी मीच दिली. बैलांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय बाबा तोंडात अन्न घालत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी दिली. गोळी चुकायला नको, एवढंच डोक्यात.

गावच्या पोळ्यात तोरण तुटून, बैल सुटून दारात यायला दुपार टळली. आईनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, ताट पुढं ठेवलं. बाबा घामानं निथळत होते. त्यांचा थरथरता हात बैलांच्या ताटाकडे गेला, अन् मी मनगट धरलं.

"काहून असं करता बाबा? बैलाच्या ताटातलं बी सोडत नाही?"

ते माझ्याकडे पाहत होते, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. तिथंच ओट्यावर बसले.

शेजारी दवाखान्यातली नर्स राहते. ती धावत आली, मशीन लावली. पंचेचाळीस.

"वाढली नाही, उतरली आहे. गिळता येते त्यायले, साखरपाणी आण लवकर."

किल्ली कमरेलाच होती. घाईत उलटीच घातली, कुलूप उघडेना. शेवटी उघडलं अन् साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी तिनं पुन्हा मोजलं, जरा चढली होती. मग आईनं बैलांच्या ताटातली पोळी मोडून बाबांना भरवली. भानावर येताच ते म्हणाले, "बैलाच्या आधी खाल्लो का मी?" अन् रडले.

डॉक्टर मलाच रागावले. या वयात साखर थोडी वर राहिली तर चालते, खाली गेली की माणूस हातचा जातो. त्यांनी गोळी बदलली. उपास असला की गोळी द्यायच्या आधी त्यांना विचारायचं, असं बजावलं.

आता कपाटाला कुलूप नाही. मी मनगट धरलं होतं, ते बाबांना आठवत नाही. ते अजून गोठ्यात जाऊन बैलांची माफी मागतात. बाबांची माफी मागायची माझी राहिलीच आहे.