लग्नाच्या पंगतीत मेलेला लिंकर

चहा घ्या, गार होईल. हसू आलं तर हसा, मी अडवणार नाही. पण बहिणीच्या लग्नात, भर मांडवात, एका जित्या माणसाला मारून टाकणारा इसम तुम्ही कधी पाहिला नसेल, तर नीट बघून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी वडशाकडचा, नागपूरच्याही पलीकडचा. गणित बरं होतं म्हणून मुंबईला एका संस्थेत चिकटलो. तिथं खोलीभर पसरलेलं गणकयंत्र होतं, काचेच्या व्हॉल्व्हांचं, भट्टीसारखं तापणारं. त्यातलं एक काम माझ्या गळ्यात होतं. लिंकर सांभाळायचा.

लिंकर म्हणजे माणूस नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवतो. तेव्हाही आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर, यंत्राला द्यायच्या सूचना वेगवेगळे लोक तुकड्या-तुकड्यांनी लिहायचे, कागदी फितीवर भोकं पाडून. प्रत्येक तुकड्याला वाटे, पंगतीतला पहिला पाट आपलाच. आमचा लिंकर, म्हणजे तोही एक भोकांच्या फितीवरचा प्रोग्रामच, या सगळ्यांना एका ओळीत बसवी आणि कोणाचा पाट किती सरकला ते बाकीच्यांना कळवी. तो चुकला, की एकाचं वाढप दुसऱ्याच्या पानात.

त्या वर्षी यंत्राची स्मरणशक्ती वाढवली. पाट वाढले, म्हणून लिंकरही बदलावा लागला. मी तो उघडला, जुनं काढलं, नवं घातलं आणि धावतपळत गाडी पकडली. घरी कौसीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न होतं.

नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ लिंगा. लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी होता. सागवान भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी घेऊन तोही तेव्हा मुंबईला आला होता, माझ्याच खोलीवर उतरला होता. मी निघालो तेव्हा म्हणाला, तू हो पुढं, मी माल उतरवून पोचतोच.

वऱ्हाड आदल्या दिवशीच आमच्या दारात उतरलं. लिंगा मात्र आला नव्हता. त्याची बायको भिवरावहिनी येणाऱ्या प्रत्येक बैलबंडीकडे मान उंचावून बघायची.

लग्न संध्याकाळचं, त्याआधी दुपारची पंगत बसली. मी वरण वाढत होतो. एवढ्यात दोन म्हातारे आले, त्यांना मानाची जागा हवी, म्हणून सगळी ओळ सरकली. माणसं सरकली, पानं तशीच राहिली. एकाची बुंदी दुसऱ्यापुढे, दुसऱ्याचा भात तिसऱ्यापुढे. लोक हसायला लागले.

मला मात्र घाम फुटला. मीही हेच करून आलो होतो. सगळे पाट सरकवले, पण जे तुकडे मागं वळून जुन्या पाटाकडे बघतात, त्यांना सांगायचं विसरलो. सोमवारी यंत्र सुरू होणार, आणि सगळ्यांची कामं माझ्यामुळे खड्ड्यात जाणार.

आमच्याकडे यंत्रातलं काही बंद पडलं, की 'मेलं' म्हणायची रीत होती. वरणाची बादली खाली ठेवून मी म्हणालो, "मेला लिंकर."

शेजारी नवऱ्या मुलाचे वडील सोमाजी बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"कोन मेला म्हंता, भाऊ?"

"लिंकर. माझ्याच हातानं मेला."

आता बघा, म्हाताऱ्या कानाला लिंकर काय अन् लिंगा काय. पण मला कुठं भान होतं? मी मनानं मुंबईच्या खोलीत होतो. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. कुठी मेला? मुंबईत. काय केलं त्याले? उघडला, जुनं काढलं, नवं घातलं, घाईत एका ठिकाणी चुकलो. आता कुठी हाय? असेल खोलीतच पडलेला, सोमवारी लोक आले की त्यांना कळेल.

पंगत उठली. हात न धुताच उठली.

आतून बायकांचा आकांत ऐकू आला. मी गेलो तर भिवरावहिनी उंबऱ्यावर हात आपटत होती. बांगड्यांचा चुरा झाला होता, मनगटातून रक्त येत होतं, आणि कोणीतरी तिचं कपाळ पुसत होतं. आणि मला काय वाटावं? देवाशपथ सांगतो, मला वाटलं, किती मायेची माणसं ही. माझ्या कामासाठी रडतायत. मला भरून आलं. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "वहिनी, रडू नका. सोमवारी जातो अन् तुम्हाला दुसरा करून दाखवतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. मग ती आडवी झाली.

पोलीस पाटलांनी मला गोठ्यात नेऊन खांबाला बांधलं. बैलांच्या दाव्यानं. त्यांनी विचारलं, लिंगाचं प्रेत कुठी टाकलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जीव तोडून सांगायला लागलो, की मेला तो माणूस नाही, कागदाची फीत आहे, तिला भोकं पाडतात.

पाटील बाहेर जाऊन लोकांना गंभीरपणे म्हणाले, "कबूल करून राह्यला. भोकं पाडली म्हंते."

त्यानंतर माझी आईसुद्धा गोठ्याकडे फिरकली नाही. कौसी हळद अंगावर घेऊन कोपऱ्यात बसून राहिली. खुन्याच्या बहिणीला कोण करून घेतं? तो मुहूर्त गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगा आला. स्टेशनावरून बंडी करून, हातात वहिनीसाठी मुंबईचं लुगडं. मांडवात शुकशुकाट पाहून त्याला वाटलं, आमच्या घरातलं कोणीतरी गेलं. तो सांत्वनाचा चेहरा करून आत गेला, आणि बायकोचं मोकळं कपाळ त्याला दिसलं.

मला सोडल्यावर मी त्याच्या पाया पडलो. त्यानं मारलं नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे मेलेलं मानूस कोनी नव्हतंच?"

कासाराला बोलावून वहिनीला नव्या बांगड्या भरल्या. सोमाजी मोठ्या मनाचे, कौसीचं लग्न लावून घेतलं. पण जितेपणी पुसलेलं कुंकू बाईमाणूस विसरत नाही. वहिनी माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण तिची नजर माझ्या तोंडावर असायची. आता हा काय बोलतो, म्हणून.

मुंबईत लिंकर खरंच बंद पडला होता. साहेबांनी दुपारभर झापलं, मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त केला. तिकडचं एवढ्यात निपटलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझी बदली नागपूरला झाली. लिंगा आजारी पडला, त्याला तिथल्या इस्पितळात आणलं. मी जवळच होतो. एका पहाटे तो गेला. बाकीचे त्याला ट्रकनं घेऊन निघाले, आणि कोणीतरी आधी जाऊन वहिनीला सांगायला हवं, म्हणून मी मिळेल त्या गाडीनं पुढं गेलो. दुसरं कोणी जायला हवं होतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा.

वहिनी चुलीपुढे होती. मी दारातच उभा राहून सांगितलं, "वहिनी, लिंगाभाऊ गेले."

तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला माझ्याकडे पाहून हसताना पाहिलं.

"बसा, भाऊ. मांगंबी मेले होते. दुसऱ्या दिवशी आले."

तिनं दोन पाट मांडले. एका पाटावर मी बसलो. दुसरा लिंगाभाऊंसाठी रिकामा ठेवला. ट्रक दारात येईपर्यंत ती मला भात वाढत राहिली, आणि मी खात राहिलो.