तिसरा रकाना

"झालं, की होतंय?" असं विचारून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल. नुसत्या 'हो'वर ते हलत नाही.

रोह्याच्या आमच्या कारखान्यात जपानी यंत्र बसवायला तिकडचे इंजिनियर आले होते. बाई पेणच्या, त्यांच्या दुभाषी. जेवणाच्या सुट्टीत त्या आम्हा पाचसहा जणांना जपानी शिकवत. एकदा त्यांनी आपला अर्धा उरलेला चहा पुढे सरकवला.

"नोमिकाके. प्यायला घेतला आणि राहिला. बोल्ट आवळायला घेतला आणि राहिला, तो शिमेकाके."

"आमी त्याला झालंच म्हणतो, बाई," धर्मा फिटर म्हणाला. बाईसुद्धा हसल्या.

माझ्या कामांच्या यादीत तेव्हा दोनच रकाने होते : झालं आणि बाकी.

वाफेच्या चाचणीच्या दिवशी तीन वाजता शिफ्ट सुटली. कंपनीची पेणची बस कुणासाठी थांबत नसे. तिचा हॉर्न ऐकून धर्मा पाना खिशात घालत शिडीवरून उतरला.

"झालंच हाय, साहेब."

मी यादीत 'झालं'च्या रकान्यात खूण केली. इंजिनियरचा हात व्हॉल्व्हवर होता. पाइपाखाली आमची दोन माणसं उभी होती. त्याने बाईंना विचारलं, बाईंनी धर्माला.

"झालं, की होतंय?"

"बाई, बस जाईल!"

"जाऊ दे. सगळे बोल्ट आवळलेस?"

"तुमी कदी पाना धरलाय काय?"

"नाय धरला. म्हणून तर विचारते."

पुन्हा हॉर्न. धर्मा माझ्याकडे बघेना. मी यादीतल्या माझ्या खुणेकडे बघत होतो.

"चार ऱ्हायलेत," तो म्हणाला.

बाई वळून एवढंच बोलल्या, "शिमेकाके."

इंजिनियरने हात काढून घेतला.

बस गेली. धर्मा पुन्हा वर चढला. चौथा बोल्ट आवळेपर्यंत बाई शिडीपाशी मान वर करून उभ्या होत्या. नंतर एसटीची वाट बघताना तो म्हणाला, "बाई, घरी निघालो नि ऱ्हायलो, त्याला काय म्हनायचं?"

"काएरिकाके. शिकलास की!"

दुसऱ्या दिवशी मी यादीत तिसरा रकाना आखला : सुरू करून राहिलेलं.

एका शनिवारी नववा धडा अर्ध्यावर असताना सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. "उरलेलं सोमवारी," म्हणत बाईंनी पुस्तकात पेन्सिल ठेवली.

सोमवारी बसमधून धर्मा पहिला उतरला. "साहेब, काल बाई गेल्या. बसल्या जागी."

यंत्र अजून चालतं. पेन्सिल त्याच पानात आहे. यादी नवी केली की तिसऱ्या रकान्यात मी पहिली ओळ तीच उतरवतो : धडा नववा.