निळ्यानं तोंड उचललं

"उचल! उचल! आरं, उचल की रं वाघा!"

हे ओरडणारा मी. ओढ्याच्या बांधावर उभा राहून, टोपी हातात फिरवत, असा ओरडत होतो की गारगोटीच्या बाजारातल्या म्हशींनी दावी तोडली असतील. खाली ओढ्याच्या चढावर निळा ट्रॅक्टर, त्याच्यामागं उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर माझा थोरला भाऊ. ट्रॅक्टरनं पुढची दोन्ही चाकं जमिनीवरनं उचलली होती. उधळलेला घोडा मागच्या पायावर उभा राहावा तसा. बांधावर गाव जमलेलं, शिट्ट्या चाललेल्या, आणि सगळ्यात मोठी शिट्टी माझी. दोन बोटं तोंडात घालून.

एरवी हा प्रसंग मी असा रंगवून सांगितला असता की ऐकणाऱ्याच्या अंगावर ओढ्याचं पाणी उडालं असतं. ट्रॅक्टर उचलला म्हणजे किती उचलला? तर दादाला जोतिबाचं शिखर दिसलं, असं. पण हा प्रसंग आला की माझा आवाज आपोआप खाली येतो. का येतो, ते सांगतो.

आमच्या गावात माणसाची जात-पात, पक्ष-बिक्ष नंतर विचारतात. आधी विचारतात, निळा का तांबडा? दोन्ही कंपन्यांचे पंचेचाळीस-पन्नास एचपीचे ट्रॅक्टर, दोन्ही नांगरट करतात, सरी सोडतात, ऊस ओढतात. पण कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलवरनं जशी डोकी फुटतात, तशी आमच्याकडं ट्रॅक्टरच्या रंगावरनं फुटतात. तांबड्याच्या घरची म्हैस निळ्या ट्रॅक्टरला शिंगं रोखते. सोयरीक जमवायला आलेले पावणं घरामागच्या परड्यात उभा ट्रॅक्टर बघून, चहा न पिता माघारी गेलेले मी ऐकलेत. बघितले नाहीत, पण ऐकलेत. आमचं घर पहिल्यापासून निळं.

मी स्वतः कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यामुळं गावाची अशी पक्की समजूत की ज्याला मोटारीचं सील कळतं त्याला ट्रॅक्टरही कळतो. ही समजूत मी कधी मोडली नाही. उलट तिला दर रविवारी खतपाणी घातलं. चहाच्या टपरीवर बसून टॉर्क, हायड्रॉलिक, पीटीओ असं काहीबाही बोललो की पोरं मान डोलवायची. आयुष्यात मी ट्रॅक्टर चालवलाय तो एकदाच, आणि तो गोठ्याच्या भिंतीनं थांबवला.

चालवायचा तो दादा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो ट्रॅक्टरवर आहे. आमची शेती तर केलीच, पण गावातल्या निम्म्या शेतांची नांगरट त्याच्या हातची. हंगामात वारणानगरच्या कारखान्याला ऊस टाकून परत आला की अंगणात उभा राहून आधी इंजिनावर हात ठेवायचा, मग वैनीला हाक मारायचा. बोलणं असं नाहीच. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडं आणि चालवायचं काम त्याच्याकडं, अशी वाटणी कुणी न करता झालेली. वैनी एकदा म्हणाली होती, "टॅक्टरवरनं उतरला की ह्यो मानूस निम्मा हुतोय." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

जुना ट्रॅक्टर थकला, धूर ओकायला लागला, तेव्हा नवा घ्यायचं ठरलं. नवा म्हणजे दादाची पुढची सगळी वर्षं. हे मलाही कळत होतं. म्हणूनच मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो.

त्या वर्षभरात दादा डावा पाय ओढत चालायला लागला होता. मी बघितलं होतं की. बघून काय केलं? म्हणालो, "दादा, चप्पल बदल. त्या चपलेनं हत्तीसुद्धा लंगडंल." आणि पुढच्या रविवारी करकर वाजणारी कापशी चप्पल घेऊन गेलो. त्यानं ती घातली, अंगणात चार पावलं चालून दाखवली, म्हणाला, "बेस हाय." मी टपरीवर सांगितलं, दादाचं लंगडणं आपण चपलेनं काढलं. डॉक्टरला जमलं नसतं.

मग शोरूम. तांबड्याच्या शोरूमातला माणूस बुटका, सौम्य, बोलताना पेनाचं टोपण चावणारा. त्यानं दादाला सीटवर बसवलं आणि म्हणाला, "पावणं, क्लच दाबून बगा. एकदम हलका हाय. दिवसभर चालवा, पाय भरत न्हाय."

दादानं क्लच दाबला. सोडला. परत दाबला. परत सोडला. मी तिथंच उभा होतो आणि मला तो खेळ वाटला.

"आरं, क्लच हलका आन् जड काय बघतोस?" मी म्हणालो. "आपण काय शिलाई मशीन घेतोय व्हय? ओढायला किती, ते बघ!"

तिथली सगळी माणसं हसली. दादाही हसला आणि खाली उतरला. उतरताना मडगार्ड धरून, पाठमोरा, आधी उजवा पाय.

निळ्याच्या शोरूमातला माणूस मात्र माझ्याच वंशातला. आडदांड, गळ्यात साखळी, बोलणं तोफेसारखं. तो म्हणाला, "सायेब, कागदावरचं कशाला बगताय? तुमच्या फडात आणतो, तुमच्या ट्रॉल्या जोडा, तुमच्या ओढ्यातनं काढून दाखवतो. न्हाय निघाल्या तर माज्या नावानं कुत्रं पाळा."

झालं. ह्या एका वाक्यावर मी निळ्याचा झालो, म्हणजे होतोच, पण आता जाहीर झालो. टपरीवर सांगून टाकलं, येत्या रविवारी ओढ्याच्या चढावर निवाडा. निळा आणि तांबडा, दोघांनाही बोलावलंय. जो दोन भरल्या ट्रॉल्या वर काढंल त्यो आमच्या दारात.

ट्रॅक्टर असा निवडतात व्हय? तेल किती खातो, मेकॅनिक जवळ मिळतो का, चालवणाऱ्याला बसतो का, हे कोण बघणार? पण आमच्याकडं ऊस ओढताना ज्याच्या ट्रॅक्टरचं तोंड वर येतं त्याची गावात मान वर होते. खरं तर तोंड वर येणं म्हणजे बोजा जास्त झाला, नाहीतर क्लच एकदम सुटला. ते धोक्याचं आहे, त्यात माणूस खाली सापडतो. हे सगळ्यांना माहीत आहे. तरी सगळे शिट्ट्या मारतात.

रविवारी सकाळी पाटाचं पाणी झिरपून चढ चांगलाच निसरडा झाला होता. फडातल्या तोडकऱ्यांनी ट्रॉल्या डोंगरासारख्या भरल्या होत्या. आधी तांबडा जोडला. तो त्यांच्याच ड्रायव्हरनं चालवला, आणि काही गाजावाजा न करता, बैल पाणी पिऊन निघावा तसा ट्रॉल्या वर घेऊन आला. तोंड उचललं नाही, धूर काढला नाही. गावाचा विरस झाला. मीच म्हणालो, "ह्यो तर देवळात निघाल्यावानी गेला!"

ट्रॉल्या परत खाली नेल्या, निळा जोडला. निळ्याचा ड्रायव्हर चढायला निघाला, तेवढ्यात मला कल्पना सुचली. माझ्या कल्पनांनी आजवर जगाचं भलं केलेलं नाही.

"थांबा! ह्येच्यावर आमचा दादा बसणार. घरचा टॅक्टर, घरचा डायवर!"

दादा ट्रॉलीजवळ उभा होता. म्हणाला, "राहू दे रं बारक्या. त्येंचा डायवर हाय की."

"आसं कसं? गाव बघाय आलंय तुला!" मी गावाकडं वळलो. "काय रं, दादानं बसायचं का न्हाय?"

गाव म्हणजे गावच. "बसायचं! बसायचं!" म्हणून सगळे कोकलले. दादानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चढाकडं. मग मडगार्ड धरून वर चढला.

निम्म्या चढापर्यंत तो असा नेला की लोणी कापावं. तिथं निसरड्यात चाकं फिरायला लागली. तिथं क्लच अर्धा धरायचा असतो, डाव्या पायावर सगळा भार घेऊन, अंदाजानं, हळूहळू सोडत. दादानं असे चढ उभ्या आयुष्यात इतके काढलेत की झोपेत काढंल. पण क्लच एकदम सुटला, आणि निळ्यानं तोंड उचललं.

आणि मी ओरडलो, "उचल! उचल की रं वाघा!"

तोंड खाली आणायचं तर क्लच परत दाबायचा. हे दादाला कुणी शिकवायचं? चाकं हवेतच होती. मी शिट्टी मारली. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "मर्दा, काय धरलाय बग!" आणि तेव्हा दादानं हात पुढं घालून इंजिन बंद केलं. हातानं. चाकं धाडकन खाली आली, ट्रॉल्या करकरल्या, सगळं लटांबर हातभर मागं सरकलं. तांबड्याचा तो बुटका माणूस तोंडातलं टोपण थुंकून पळत खाली गेला आणि त्यानं मागच्या चाकाला दगड लावला. माझी बोटं तोंडातच होती.

शिट्ट्या हळूहळू थांबल्या. दादा सीटवर बसून होता. मग त्यानं दोन्ही हात डाव्या गुडघ्याखाली घातले आणि क्लचजवळ पडलेला पाय, दुसऱ्याचं सामान उचलावं तसा, उचलून बाजूला ठेवला.

कुणीतरी विचारलं, "दादा, पाय अडकला व्हय?"

"न्हाय," दादा म्हणाला. "सरकला."

बुटक्यानं खांदा दिला. त्या खांद्यावर हात टाकून दादा उतरला आणि फडातनं वाट काढत घराकडं चालायला लागला. नवी कापशी चिखलात करकरत होती. मी हाक मारणार होतो, पण मला काय म्हणायचं ते सुचेना. मला! ज्यानं मयताच्या माणसांनासुद्धा हसवलंय, त्याला.

निळ्याच्या माणसानं मोबाइलवर सगळं चित्रण केलं होतं. "सायेब, बघा पावर! आसं तोंड उचललेलं जिल्ह्यात कुनी दावावं!" त्यानं त्याला ढोल-ताशा जोडला आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर फिरलं. अजून फिरतंय. लोक त्यात हवेतली चाकं बघतात आणि अंगठे पाठवतात. मी एकदाच बघितलं. त्यात दादाचा पाय पेडलवरनं सुटताना स्वच्छ दिसतो. त्याचा हात गुडघ्याकडं जातो, तेही दिसतं. आणि त्याच्यावर माझा आवाज, खणखणीत, ढोलापेक्षा वर, वाघा म्हणून हाक मारणारा.

बांधावरनं घरापर्यंत मी असा चाललो की वाटेतल्या कुत्र्यानंही ओळख दिली नाही. वैनी परड्यात शेणाची पाटी घेऊन उभी. पाटी तिनं खाली ठेवली नाही.

"वैनी, पाय कवापासून आसा हाय?"

"दोन पावसाळं झालं. रात्रीचा ठणकतोय, कड बदलाय येत न्हाय. सकाळी मी चोळून देतो, मग टॅक्टरवर बसत्यात."

"मग मला कुणी सांगितलं का न्हाय?"

वैनीनं पाटी एका कमरेवरनं दुसऱ्या कमरेवर घेतली. दिरावर ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"भावजी, कवा सांगायचं? तुमी आला की घरात दुसऱ्या कुनाचं तोंड उघडतंय व्हय? त्यो तांबडा बघून आल्यावर म्हनलं ह्येनी, क्लच हलका हाय, आजून धा वर्सं चालवीन. लई खुशीत हुतं. मी म्हनलं, मग बारक्याला सांगा की. तर म्हनलं, त्येनं चार मानसांत निळा सांगिटलाय. त्येचा शबुद पडंल."

आणि पाटी घेऊन ती पलीकडं गेली.

माझा शब्द! तो टपरीवर दर रविवारी ढिगानं पडलेला असतो. झाडून टाकावा लागतो. आणि ह्या माणसानं तो खाली पडू नये म्हणून तसल्या पायानं चढ घेतला. असं वाटलं, ओढ्यात जाऊन बसावं आणि वर पाट सोडावा. पण तेही मी सांगताना रंगवीन अशी मला भीती वाटली, म्हणून घरात, पुढच्या सोप्यातच गेलो.

दादा कॉटवर पाय लांब करून बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गुडघा सुजून बेलफळाएवढा झाला होता. बेलफळाएवढाच, हे वाढवून सांगत नाही. मी उंबऱ्याजवळच उभा राहिलो. आत गेलो असतो तर त्याला पाय झाकावा लागला असता.

"दादा," मी म्हणालो, "तांबडा घेऊया. आताच फोन लावतो. क्लच हलका हाय त्येचा, तू बघिटलास न्हवं? तू म्हणशील तसा घेऊ. गावाला काय बोलायचं ते बोलू दे, मी बघतो गावाकडं. दवाखान्यात बी जाऊ, कोल्हापुरात चांगला डॉक्टर हाय माज्या वळखीचा. पाय बरा हुतोय. आन् टॅक्टर तूच चालवायचा. तुज्याशिवाय कोण बसणार हाय त्येच्यावर?"

दादानं पँट खाली ओढली. गुडघ्यावर अडकली, तर हातानं सोडवली.

"कुठला बी घे," तो म्हणाला. "डायवर तेवढा बघून ठेव."